ह्याला काय म्हणायचं

४ मार्च १९९६

बंगल्यातली शाळा झाली. संपलं ते.

ह्यांचा हट्ट होता — पोरीला पहिलीपासून इंग्रजीच हवं. वीज मंडळात ह्यांच्या साहेबांची दोन्ही मुलं तिथं जातात, म्हणून. बंगला देखणा आहे. वर मालक राहतात, खाली शाळा. व्हरांड्यात प्लॅस्टिकची घसरगुंडी. उत्कर्षा तिथून हलेना. तिला वाटलं, आपण घसरगुंडीसाठीच आलोय.

मॅडम माझ्याच वयाच्या. उत्कर्षाला त्यांनी काही विचारलंच नाही. मला विचारलं — इंग्रजीत. मला समजलं सगळं! मुलीचा अभ्यास घरी कोण घेणार, माझं शिक्षण किती. उत्तर मनात सरळ उभं होतं. तोंडाशी आलं आणि मोडलं. 'ट्वेल्थ' एवढाच तुकडा बाहेर पडला. मग त्या मराठीत आल्या. फार गोड मराठी. म्हणाल्या, "तसं काही नाही हो, पण घरात वातावरण लागतं."

हे भिंतीशी नुसते उभे. घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाले, "बारावी शिकलीस न्हवं? मग एक वाक्य आलं न्हाई?" ते स्वतः दहावी. मी तसं बोलले नाही.

५ मार्च

वातावरण म्हणजे नक्की काय, हे कुणाला विचारावं?

९ मार्च

विनोदिनीवहिनींकडे जाऊन बसले. भिंतीला भिंत लागून घर, पण विचारायला जायला चार दिवस लागले मला. त्यांची वल्लरी मोठ्या शाळेत दुसरीला आहे.

वहिनी म्हणाल्या, बंगल्यातली शाळा मनातून काढूनच टाका. दोन वर्षांत बंद पडेल ती, मालकाला वरच्या मजल्यावर गोंगाट सहन होत नाही. नगरपालिकेच्या, नंबराच्या शाळेबद्दल त्या बोलल्याच नाहीत. माशी वारावी तसा हात केला. उरली मोठी शाळा. संस्थेची, जुनी, मराठी. तिथं मुलांची भाषा घडते म्हणाल्या. पहिल्या सहामाहीतच ण आणि न पक्का होतो.

माझा ण कधी पक्का झाला? साताऱ्याला. अकरावीत, वसतिगृहात. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली, आणि तालुका ओलांडून गेलेलीही मीच. तिथं पहिला महिना मी बोललेच नाही. मुली म्हणायच्या, मुकी आहे का ही. मी ऐकत होते. महिन्याने तोंड उघडलं ते 'आहे' म्हणूनच. 'हाय' गेलं ते गेलं.

उत्कर्षाला असा महिना काढावा लागू नये. एवढंच मागते आहे मी. आधीपासूनच तशी बोलेल, तर असं काही असतं हे तिला कळणारही नाही.

मुलाखत एप्रिलमध्ये आहे. मुलीचीही आणि आईवडिलांचीही.

१५ मार्च

आबा आलेत!

आबांची बकरी माधवनगरच्या पुढं, ऊस तुटून गेलेल्या रानात बसली आहेत. दिवाळी झाली की आबा आणि आय वडूजकडून बकरी घेऊन खाली उतरतात, ते उन्हाळा सरेपर्यंत नदीकाठच्या रानातून फिरतात. पण लेकीच्या घराच्या इतक्या जवळ कधी आले नव्हते. उत्कर्षाला घेऊन गेले. तेच सगळं — जाळीची वाघर, पाल, पालाला बांधलेली घोडी, धुरात बसलेली आय.

मला बघून आय म्हणाली, "आली का शाळंची बाई. बस, बस, घोंगडं टोचंल तुला." मग उत्कर्षाला ओढून मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलंच नाही बराच वेळ.

आबांना 'उत्कर्षा' म्हणता येत नाही. बारशालाच म्हणाले होते, नाव हाय का कुलूप? ते तिला उतक्का म्हणतात. त्या नावाला ती एका हाकेत वळते. माझ्या हाकेला दोनदा.

दिवसभर कोकरांत होती. ओढत आणली. अंगाला लोकरीचा वास — न्हाऊ घातलं तरी केसांत राहिलाच. मला तो वास आवडतो. विनोदिनीवहिनींना आला असेल का?

१६ मार्च

सकाळी दुधाचा पेला सारला आणि म्हणाली, "मला न्हाई पायजेल." एका दिवसात!

२० मार्च. पाडवा

हे आबांकडे पोळ्या देऊन आले, उत्कर्षाला बरोबर घेऊन. मी गेले नाही. अंगात कणकण आहे म्हणाले. नव्हती.

वहिनींकडे पाहुणे आले होते. सगळी मंडळी बाहेर खुर्च्या टाकून बसलेली, मी त्यांच्यात उभी. त्यांच्यामधूनच उत्कर्षा धावत आली. "आई, आबाचं बकरं व्यालंय, लय बारकं हाय!" एक पाहुणीबाई हसून म्हणाल्या, अरे वा, बकऱ्या पाळता का तुम्ही? मी उत्तर शोधतच होते तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "छे, माहेरी शेती आहे त्यांची."

माझी लाज राखली वहिनींनी. पण राखावी लागली म्हणजे ती होती, असं झालं ना!

२३ मार्च

ठरवलं. मुलाखत होईपर्यंत उत्कर्षाला तळावर पाठवायचं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पोर आज्यापासनं तोडतीस व्हय?" मी म्हणाले, तोडत नाही. तीन आठवडे थांबवते आहे. इंग्रजी शाळा हातची गेली, ही पण घालवायची का? मग गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याचा राग येतो आणि आधारही वाटतो.

उत्कर्षाला सांगितलं, आबा बकरी घेऊन लांब गेले.

खोटं बोलले. इथं लिहून ठेवते, निदान इथं तरी खरं असावं.

३० मार्च

चित्रांचं पुस्तक आणलं. रोज संध्याकाळी ती आणि मी. हत्ती, सिंह, जिराफ, झेब्रा, पाणघोडा. पाणघोड्याला 'पानघोडा' म्हणते. दहादा म्हणायला लावलं. अकराव्यांदा बरोबर म्हणाली आणि टाळी मागितली. दिली.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही पानं सोडून दिली. ते तिला येतंच.

५ एप्रिल

'हाय' नाही, 'आहे'. 'न्हाई' नाही, 'नाही'. 'व्हय' नाही, 'हो'. तिला खेळ वाटतो आहे. वाटू दे.

आबांनी कुणाच्या तरी हाती ताक पाठवलं होतं. उत्कर्षा बालवाडीत होती म्हणून बरं. तांब्या घासून परत दिला, निरोप काही दिला नाही. काय देणार?

११ एप्रिल

गेलं. सगळं माझ्याच तोंडानं गेलं.

नीट लिहिते. मोठी खोली, टेबलामागं दोन बाई. त्यांतल्या वयानं मोठ्या त्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात. आम्ही तिघं समोर. हे नवा शर्ट घालून घामेजलेले. दुसऱ्या बाईंच्या हातात चित्रांचे पुठ्ठे. त्या एकेक वर करायच्या.

कुत्रा. हत्ती. जिराफसुद्धा! उत्कर्षा खणखणीत बोलत होती. मोठ्या बाई हसल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा जीव एवढासा झाला होता तो जरा मोठा झाला.

मग तो पुठ्ठा. उत्कर्षाचा चेहरा असा उजळला, जणू इतका वेळ सगळे परकेच दाखवत होते आणि आता ओळखीचं कुणी भेटलं.

"बकरं," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, नीट बघ हं.

तिनं नीट बघितलं. पुढं वाकून बघितलं. "बकरंच. भुंडं हाय." म्हणजे शिंगं नसलेलं. चित्रात शिंगं नव्हतीच.

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बस्स, तेवढंच पाहिलं. आणि मी — मला कुणी विचारलं नव्हतं — मी म्हणाले, "मेंढी म्हण बाळ. मेंढी आहे ती."

तिनं आधी चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रडेल असं वाटलं, पण नाही. अगदी हळू म्हणाली, "मेंढी."

पुढचा पुठ्ठा शेळीचा होता. शेरडू तिला येतं. बोलली नाही, माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पुढचा पोपटाचा. पोपट! बोलायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात शिकलेला शब्द. त्यालाही माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "आईकडे नाही बघायचं. तुला काय वाटतं ते सांग." ती गप्प. मग शेवटपर्यंत गप्प.

मग मला विचारलं, माहेर कुठलं. वडूजकडचं म्हणाले. शेती का? हो म्हणाले. खोटं नाही, डोंगराच्या कडेला थोडी जमीन आहे, बाजरी होते. खरंही नाही.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "एवढं काय बिघडलं? बकरं म्हनली तर म्हनली." पण त्यांचाही आवाज बसला होता.

१२ एप्रिल

ती चुकली नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तिला सुधारलं.

आमच्यात बकरं म्हणजे तेच, ज्याला पुस्तकात मेंढी म्हणतात. आणि पुस्तकातली बकरी ते आमचं शेरडू. बकऱ्यांमागं फिरणारी सगळीच माणसं तसं म्हणतात. मी तिसरीत होते तेव्हा गुरुजींनी विचारलं होतं, तुमच्याकडे मेंढ्या किती आहेत गं? मी उभी राहून सांगितलं, एकपण न्हाई. सगळा वर्ग हसला. मला कळेना का हसतात. खरंच नव्हती! आमच्याकडे सगळी बकरीच होती.

हे आठवतं, लख्ख आठवतं, आणि तरी पुस्तकातलं ते पान मी उलटून टाकलं. ते तिला येतं म्हणून.

त्याच गुरुजींनी माझं नावही बदललं होतं. घरी मी दगडाबाई. ते म्हणाले, हे काय नाव आहे, आणि दाखल्यावर सुलभा लिहिलं. तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! आबांना सांगत सुटले होते. आय अजून दगडेच म्हणते. मला आता तिकडं कुणी सुलभा म्हटलं तर परकं वाटतं, आणि इकडं कुणी दगडी म्हणेल म्हणून धास्ती.

१५ एप्रिल

आज जेवताना उत्कर्षानं वाटीवर बोट ठेवलं. "आई, ह्याला काय म्हणायचं?"

वाटी, म्हणाले. मला वाटलं खेळ चाललाय. मग भाकरीवर. मग मिठावर. मग दिव्याच्या बटणावर. प्रत्येकाला तसंच. 'हे काय आहे' असं विचारत नाही ती. काय म्हणायचं, असं विचारते.

१७ एप्रिल

पाण्याला काय म्हणायचं?

१९ एप्रिल

ह्यांना वाटतं, मुलीला शिकायची गोडी लागली. ऑफिसात सांगून आले.

मला कळलंय काय झालंय ते. तिला असं समजलंय, की प्रत्येक गोष्टीला एक नाव आपल्याला येतं आणि एक खरं असतं. खरं कुठलं ते मोठ्या माणसांनाच ठाऊक असतं. म्हणून आधी विचारून घ्यावं. तिचं काही चुकलंय का यात? मी तरी निराळं काय केलं आयुष्यभर?

संध्याकाळी वेणी घालत होते. पाठमोरीच होती. म्हणाली, "मग आबाला काय म्हणायचं?"

"आबाच," मी म्हणाले.

"तितं गेल्यावर?"

"सगळीकडे आबाच."

तिचा विश्वास बसला नाही. मानेवरूनच कळतं.

२ मे

यादी लागली. नाव नाही. वरून खाली वाचली, मग खालून वर. हे वाचत राहिले तोपर्यंत मी फाटकाशी जाऊन थांबले.

३ मे

कुणाशी बोलू नये असं वाटतं.

४ मे

नंबराची शाळा बघून आले. एकटीच. सुट्टी आहे, वर्ग बंद. खिडकीच्या गजातून पाहिलं. सतरंजीच्या पट्ट्या गुंडाळून कोपऱ्यात, फळ्यावर कुणीतरी खडूनं घर काढलेलं, दाराला कुलूप असलेलं.

शिपाई रंगूबाई पायरीवर लसूण सोलत होत्या. कुणाची पोरगी, किती वर्षांची, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आना की. हितं कुनाला न्हाई म्हनत न्हाईत."

मी हो म्हणून निघाले. वाटेत लक्षात आलं — तेच मला नको आहे. जिथं कुणालाच नाही म्हणत नाहीत, तिथं मला जायचं नाही. जिथं मला नाही म्हणाले तिथंच जायचं आहे. असं कसं झालं माझं? कुणी केलं असं म्हणावं, तर कुणीच नाही.

१० मे

न राहवून तळावर गेले. उत्कर्षाला घेऊन. आता जपण्यासारखं उरलंय काय!

बकरी हलून दोन रानं पलीकडं गेली होती. उत्कर्षा माझा हात सोडेना. आबा दिसल्यावर वर बघून म्हणाली, "लांब गेले होते ना?" मी उत्तर दिलं नाही. तिनंही परत विचारलं नाही. पूर्वी विचारलं असतं.

आबांना सगळं ठाऊक होतं, ह्यांनी सांगितलेलं. बकरं-मेंढीचंसुद्धा. मी आधी आयच्या तोंडाची वाट बघत होते, आणि ती बोललीच. म्हणाली, "बापाची बकरी विकून शिकलीस, आन् आता बकरंच म्हनू नगं म्हनतीस." आबा मात्र आयवरच चिडले. म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं, शाळंत म्हनत्यात तसंच म्हनाया पायजेल. बाई सांगत्याल तेच खरं.

मला वाटलं होतं, आबांना वाईट वाटेल. रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक कोकरू उचललं, उत्कर्षासमोर उकिडवे बसले आणि अगदी शाळेतल्यासारखं म्हणाले, "उतक्का, ही बग. ही मेंडी. म्हन."

पलीकडून आबांचा जोडीदार नानासो हसला. "अर्जुना, म्हातारपनी शाळंत नाव घातलंस का काय रं? मेंडी म्हनून हाक मार की, बगू किती वळत्यात."

आबाही हसले, पण सोडलं नाही. "मेंडी," परत म्हणाले. ढ त्यांना येत नाही.

उत्कर्षानं कोकराकडे पाहिलं. त्याला हात लावला नाही. मग आबांच्या कानाशी जाऊन विचारलं — मी जवळच होते म्हणून ऐकलं — "आबा, तुला पण आईनं सांगितलं?"

११ मे

आबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान ते ऐकून तसं म्हणाले असं झालं असतं. ते आपण होऊन म्हणाले. जन्मभराचा शब्द, पोरीला शाळा मिळावी म्हणून, उकिडवे बसून.

आणि शाळा तर मिळालीही नाही.

२२ मे

मिळाली.

विनोदिनीवहिनी दुपारी उन्हातून आल्या. दुसरी यादी लागली आहे, दोघातिघांच्या वडिलांच्या बदल्या झाल्या, जागा मोकळ्या झाल्या. उत्कर्षाचं नाव शेवटून दुसरं. मी त्यांचे हात धरले. त्या म्हणाल्या, अहो मोठ्या बाईंच्या कानावर घातलं होतं मी. "मुलगी हुशार आहे, फक्त आईसमोर बुजते, असं सांगितलं."

चांगल्या मनानं सांगितलं त्यांनी. खरंही आहे. मग घशाखाली का उतरत नाही?

हे पेढे घेऊन आले. उत्कर्षानं हातात धरून विचारलं, ह्याला काय म्हणायचं. "पेढा, राणी, पेढा," हे म्हणाले. त्यांना किती आनंद झालाय! लग्नानंतर इतका पहिल्यांदाच बघितला.

मी अडीच महिने काय मागत होते? हेच. आता मिळालंय.

२८ मे

आबा आणि आय वर निघाले. वडूजला पोचायला वेळ लागेल, चरत चरत जातील. रस्त्याकडेला उभ्या राहिलो आम्ही दोघी. अंगावरून सगळी बकरी गेली, धूळ, घंटा, घोडीवर पाल आणि पालावर एक कोंबडी. आयनं उत्कर्षाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला म्हणाली, "ये वर. शाळंला सुट्टी लागली म्हंजे." दगडे म्हणाली नाही. कुठलंच नाव घेतलं नाही.

आबांनी लांबून हाक मारली, उतक्का! नेहमीसारखी, लांबवून.

ती वळली नाही. ऐकलं होतं तिनं. मी हात धरला होता, हातात कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिली.

मी म्हणाले, अगं आबा बोलावतात, हात कर. मग केला.

३ जून

गणवेश शिवून आला. पांढरा झंपर, निळा स्कर्ट. आरशासमोर उभी केली. छान दिसते.

हे म्हणाले, "पोरगी लय शांत झाली. शाळंत असंच लागतंय."

८ जून

आता विचारायची पण कमी झाली आहे. पाणी हवं असेल तर माठाशी जाऊन उभी राहते. भूक लागली तर पाटावर बसून राहते. मी नाव घेतलं की तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं होतं आणि ती तेच परत म्हणते. ण, ळ, सगळं स्वच्छ. वहिनी म्हणाल्या, "बघा, शाळा सुरू व्हायच्या आधीच भाषा सुधारली."

मला वसतिगृहातला तो महिना आठवतो. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि मला ठाऊक होतं मी का गप्प आहे. हिचा महिना मला वाचवायचा होता. तोच मी तिला साडेपाचव्या वर्षी दिला.

आज मुद्दाम म्हणून पुस्तक उघडलं. मेंढीचं पान काढलं आणि म्हणाले, हे बकरं आहे, उत्कर्षा. आबांचं बकरं. तू बरोबर म्हणाली होतीस.

तिनं पान बंद केलं. हळूच, दुखू नये तसं.

१२ जून

उद्या शाळा. दप्तर उशाशी घेऊन झोपली आहे. तिच्या सगळ्या तयारीवरून मनात परत परत हात फिरवते आहे. डबा, रुमाल, पट्टी-पेन्सिल. काही राहिलंय असं वाटतं.

१३ जून

पहिला दिवस म्हणून आम्हाला वर्गाच्या दारापर्यंत सोडलं. नव्या बाई तरुण आहेत, मायाळू वाटल्या. एकेकाला हाताला धरून पुढं घेत होत्या. उत्कर्षाची पाळी आली. बाई वाकल्या. "तुझं नाव काय, बाळ?"

हे मी शिकवलं नव्हतं. ते तिला येतंच.

तिनं वळून दारातल्या गर्दीत मला शोधलं.

"आई, मला काय म्हणायचं?"